जुना लेख काढायचा की सुधारायचा? दर उन्हाळ्यात उद्भवणारं दुखणं

सप्टेंबरात एका वाचकाचा मेल आला. "दादा, तुमच्याकडे कास पठारावर एक लेख होता, कुठल्या आठवड्यात काय फुललेलं असतं ते सांगणारा. लिंक उघडत नाहीये. काढलात का?"

काढला होता. मीच, एप्रिलमध्ये, आकड्यांकडे बघून, शहाणपणाच्या भरात.

माझी साइट गडकिल्ल्यांची आणि सह्याद्रीतल्या भटकंतीची. वर्षानुवर्षं लिहून तीनशेच्या वर लेख साठलेत. त्यात जीव ओतून लिहिलेले आहेत, तसेच रात्री अकराला 'आज काहीतरी टाकायलाच हवं' म्हणून खरडलेलेही आहेत. दर उन्हाळ्यात वाचक आटतात. मग मी यादी काढतो, तळातले पन्नासेक लेख बघून कपाळाला हात लावतो आणि दोनपैकी एक चूक करतो. एकतर सरसकट उडवतो, नाहीतर 'पुढच्या महिन्यात सुधारू' म्हणून तसेच ठेवतो. पुढचा महिना काही येत नाही, थेट पुढचा उन्हाळा येतो आणि यादी आणखी लांबलेली असते.

हे दुखणं अनेकांना आहे, विषय पाककृतींचा असो, शेतीचा असो की स्पर्धा परीक्षांचा. बऱ्याच ठेचा खाऊन मी आता ज्या क्रमाने तपासतो तो इथे मांडतोय.

लेख अशक्त आहे की हंगाम सरलाय?

कासचा लेख उडवला तेव्हा माझ्यासमोर जानेवारी ते मार्चचे आकडे होते. सर्च कन्सोल, म्हणजे आपली पानं गूगलच्या शोधात किती दिसली ते दाखवणारं गूगलचं साधन, उघडलं की साधारण तीन महिन्यांचाच आलेख दिसतो, आणि मी तेवढ्यावरच निकाल लावला. पण कासला फुलं असतात ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मार्चमध्ये तिथे जांभ्याचा कातळ आणि वाळकं गवत. तेव्हा तो लेख कोणी कशाला वाचावा? २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं नाव लागलं तेव्हापासून हंगामात तिथे गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेतली मंडळी आदल्या रात्री मोबाईलवर नेमकं हेच शोधत असतात.

काजव्यांचंही तसंच. भंडारदरा, पुरुषवाडीकडचे काजवे मेअखेर ते जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. त्यावरचा लेख वर्षातले दहा महिने झोपलेला असतो. आणि कारवीचं काय करणार? ती फुलते सात-आठ वर्षांतून एकदा. तिच्यावरच्या लेखाला तीन महिन्यांच्या आकड्यांवर 'निकामी' ठरवणं म्हणजे अधिक महिन्याच्या वाणाला दर महिन्याचा हिशोब मागण्यासारखं आहे.

म्हणून पहिलं काम एवढंच की तारखेची खिडकी मोठी करा. सर्च कन्सोल सोळा महिन्यांपर्यंत मागे जातं. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करायची सोय त्यातच आहे. सोळा महिन्यांपलीकडचं काही मिळत नाही, त्यामुळे वर्षातून एकदा आकडे उतरवून आपल्याकडच्या शीटमध्ये ठेवायचे. जूनची जूनशी तुलना केली की यादीतले बरेच 'मेलेले' लेख उठून बसतात. खरी घसरण असेल तर तीही इथेच दिसते.

दिसतो पण उघडत नाहीत, की दिसतच नाही?

हे दोन आजार वेगळे आहेत, औषधही वेगळं.

लेख शोधात हजारदा दिसतोय आणि क्लिक चारच आहेत, तर बहुतेकदा शीर्षक फसलेलं असतं. माझ्या एका लेखाचं शीर्षक होतं 'ढगांच्या कुशीत'. आतमध्ये कळसूबाईची बारी गावापासूनची वाट, शिड्या कुठे आहेत, पहाटे निघायचं तर किती वाजता, सगळं व्यवस्थित दिलेलं. पण कळसूबाईचा पत्ता शोधणाऱ्याला 'ढगांच्या कुशीत' म्हणजे काय कळणार? शीर्षक बदललं, पहिल्या परिच्छेदातलं काव्य खाली सरकवलं, बाकी एका ओळीला हात लावला नाही. तो लेख आता तळाच्या यादीत नसतो. असे लेख काढणं हा सरळ नासधुशीचा प्रकार.

लेख दिसतच नसेल तर तो इंडेक्समध्ये, म्हणजे गूगल शोधात दाखवतं त्या पानांच्या साठ्यात, आहे का ते बघा. सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून तपासता येतं. 'क्रॉल केलं, पण सध्या इंडेक्समध्ये नाही' असा शेरा असेल तर गूगलने पान पाहिलं आणि ठेवून घेण्याजोगं मानलं नाही. वाईट वाटतं, पण आपणच शांतपणे लेख वाचला तर बहुतेकदा कारण कळतं. मी असे आठ-दहा लेख एका रविवारी ओळीने वाचले. त्यातले निम्मे एकमेकांच्याच नकला होत्या.

जुळी भावंडं

खरी गोम इथे आहे. तळातले बरेचसे लेख मुळात वाईट नसतात. एकाच लेखाचे चार-पाच तुकडे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या नावाने टाकलेले असतात. 'काढू की सुधारू' या प्रश्नाचं उत्तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तिसरंच निघतं: जोडा.

हरिश्चंद्रगडावर माझे पाच लेख होते. एक 'संपूर्ण माहिती', एक पाचनईच्या वाटेचा, एक खिरेश्वरहून टोलारखिंडीने, एक नुसता कोकणकड्याच्या सूर्यास्ताचा आणि एक 'पावसाळ्यातील हरिश्चंद्रगड', ज्यात पहिल्याच लेखातले तीन परिच्छेद पुन्हा चिकटवलेले. वाचकाला हवं असतं एकच: माझ्यासोबत लहान मुलगा आहे, मुक्काम करायचा नाही, कुठून चढू? पाचपैकी एकाही लेखात याचं सरळ उत्तर नव्हतं. पाचनई सोपी, हे एका लेखाच्या सहाव्या परिच्छेदात होतं. खिरेश्वरची वाट लांब आणि दमवणारी, हे दुसऱ्यात. नळीची वाट नवख्यांचं काम नाही, हे कुठेच नव्हतं, आणि ते सगळ्यात वर हवं होतं.

एक संध्याकाळ घालवली. पाचही लेख छापून टेबलावर पसरले (हो, कागदावर, पडद्यावर पुनरुक्ती दिसत नाही), लाल पेनाने राखायचं तेवढं अधोरेखित केलं. पाच लेखांतून दीड लेखाचा ऐवज निघाला. तो ज्या लेखाला बाहेरून सगळ्यात जास्त लिंक होत्या त्याच्या पत्त्यावर मांडला, आणि बाकी चार पत्त्यांवरून तिकडे ३०१ लावला, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारा कायमचा रीडायरेक्ट. तो निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी काढतच नाही, ठेवायला काही लागत नाही.

जुळे शोधताना आपल्या लिपीच्या दोन खोड्या आहेत, त्या इंग्रजीतल्या सल्ल्यांत सापडणार नाहीत.

पहिली पत्त्याची. वर्डप्रेसवर, म्हणजे माझी साइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरमध्ये, शीर्षक मराठीत दिलं की पत्ता, म्हणजे स्लगही मराठीत होतो. त्याला मर्यादा दोनशे अक्षरांची, पण ती मोजली जाते टक्केवारीच्या चिन्हांनी लिहिलेल्या सांकेतिक रूपात. तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ जागा खातं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजून. म्हणजे हाती राहतात जेमतेम बावीस चिन्हं. 'हरिश्चंद्रगड' या एका शब्दात बारा संपतात. 'हरिश्चंद्रगड खिरेश्वर मार्गे' असं शीर्षक दिलं तर पत्ता 'हरिश्चंद्रगड-खिरेश्वर-मा' इथेच तुटतो. पुढे तुम्ही 'एका दिवसात' लिहा नाहीतर 'मुक्कामी', पत्ता तोच येणार आणि दुसऱ्याच्या शेपटाला दोनचा आकडा लागणार. त्यामुळे पत्त्यांची यादी बघून लेख ओळखायला जाऊ नका, शीर्षकांची यादी काढा. रीडायरेक्ट लावताना पत्ता हाताने टाइप न करता ब्राउझरमधूनच कॉपी करा. आणि नव्या लेखाचा स्लग स्वतः आखूड द्या.

दुसरी खोडी 'ऱ्य'ची. 'पायऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक नुक्त्याचा 'ऱ' घेऊन, दुसरा साध्या 'र'ला हलन्त देऊन आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. मी कीबोर्ड बदलला तेव्हापासून माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत. यादीत शोधताना एक सापडतं, दुसरं निसटू शकतं. दोन्ही रूपांनी शोधा.

म्हातारे झालेले लेख

हे काढायचे नाहीत, यांना नुसतं स्वच्छ करायचं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. माझे नळदुर्ग, देवगिरी आणि हरिश्चंद्रगडावरचे लेख एका फटक्यात जुने दिसायला लागले. नवं नाव वापरलं आणि जुनं एकदा ठेवलं, कारण लोक अजून दोन्हींनी शोधतात.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. जिंजीवरचा माझा लेख वर्षानुवर्षं तळाशी होता. एका उन्हाळ्यात तो उडवण्याच्या यादीतही होता, 'महाराष्ट्राबाहेरचा, कोण वाचतं' म्हणून. वाचला तो केवळ माझ्या आळसामुळे. राजाराम महाराज तिथे जाऊन राहिले, मुघलांनी वर्षानुवर्षं वेढा दिला, एवढं सांगणारा मराठीतला धड लेख किती जणांकडे असतो? त्यात भर घातली, नकाशा टाकला. आळसाचे आभार.

सुधारणा म्हणजे वरची तारीख बदलणं नव्हे. आत काही न बदलता 'अद्ययावत' असा शिक्का मारणं ही वाचकाची फसवणूक आहे, आणि गूगलही त्याने भुलत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सीनेट (CNET) या अमेरिकेतल्या तंत्रज्ञानविषयक साइटने आपले हजारो जुने लेख काढल्याची बातमी आली होती. तेव्हा गूगलचे डॅनी सुलिव्हन यांनी जाहीरपणे सांगितलं की जुना मजकूर गूगलला आवडत नाही असं काही नसतं. अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे. २०११ मध्ये गूगलने अशक्त पानांना शोधात मागे टाकणारा 'पांडा' नावाचा बदल आणला, तेव्हापासून लोक अशा पानांना घाबरतात ते उगाच नाही. ऑगस्ट २०२२ च्या बदलाच्या वेळी गूगलनेच म्हटलं होतं की निरुपयोगी मजकूर काढला तर बाकीच्या लेखांना फायदा होऊ शकतो. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की अर्थ लागतो: वय हा गुन्हा नाही, पोकळपणा आहे. 'क्रॉल बजेट (गूगल एका साइटची पानं बघण्यावर घालवतं तेवढा वेळ) वाचतं म्हणून लेख काढा' हा सल्ला मात्र आपल्यासारख्यांनी सरळ सोडून द्यावा. तो लाखो पानांच्या किंवा रोज हजारोंनी बदलणाऱ्या साइटचा प्रश्न आहे, तीनशे लेखांचा नाही.

चुकीचा लेख आकड्यांवर सोडू नका

माझ्या एका जुन्या लेखात गडावरच्या टाक्याबद्दल 'बारमाही पिण्यायोग्य पाणी' असं लिहिलेलं होतं. मी गेलो होतो डिसेंबरात. मे महिन्यात गेलेल्या एका ग्रुपने कळवलं की टाक्यात गाळ आणि शेवाळ आहे, आणि ते मोजकंच पाणी घेऊन निघाले होते. त्या लेखाला महिन्याला वीस वाचक होते. आकड्यांनी तो 'बिनमहत्त्वाचा' होता.

पाणी, वाट, औषध, रक्कम, अर्जाची तारीख असल्या गोष्टी चुकल्या असतील तर लेख यादीत कितवा आहे ते बघायचं नाही. त्याच दिवशी दुरुस्त करायचं, जमत नसेल तर मसुद्यात टाकायचं. उलटही खरं: चुकीचा लेख भरपूर वाचला जात असेल तर ते अभिमानाचं नाही, जास्त घाईचं कारण आहे.

काढायचा ठरला, मग?

काही लेख खरंच काढायचे असतात. 'विकेंडला भेट द्या या १० ठिकाणांना', ज्यातल्या चार ठिकाणी मी गेलोच नव्हतो. दुसरीकडची माहिती शब्द फिरवून लिहिलेले. कधीच्या संपलेल्या शिबिरांच्या सूचना. माझी कसोटी साधी आहे: हा लेख आज माझ्याकडे नसता तर मी तो लिहिला असता का? आणि लिहायला मला स्वतःला ठाऊक असलेलं काही आहे का? दोन्ही उत्तरं नाही आली तर जाऊ द्या. पहिलं हो आणि दुसरं नाही आलं, तर लेख मसुद्यात जातो आणि ते ठिकाण माझ्या पुढच्या भटकंतीच्या यादीत.

काढताना मी केलेले घोटाळे सांगतो, तुमचे वाचतील.

काढलेल्या सगळ्या लेखांचे पत्ते मुख्यपानाकडे वळवले. वाटलं, वाचक वाया जाणार नाही. पण कोकणदिव्याची वाट शोधणारा मुख्यपानावर पडला तर तो परतच जातो, आणि गूगल अशा वळवण्याला 'पान नाही' यातच धरतं. जवळचा लेख असेल तर तिकडे वळवा, नसेल तर ४०४ किंवा ४१० ('पान सापडलं नाही' आणि 'पान काढून टाकलं' असे संकेत) सरळ जाऊ द्या. ४०४ ला लोक विनाकारण भितात.

काही पानं शोधातून घालवायला नोइंडेक्स ('हे पान शोधात दाखवू नका' अशी पानावरची पाटी) लावला आणि वर रोबोट्स फाइलमध्येही (कुठली पानं उघडायची नाहीत ते गूगलला सांगणारी फाइल) अडवली. डबल कुलूप! पण फाइलमध्ये अडवलं की गूगल पान उघडतच नाही, म्हणजे नोइंडेक्सची पाटी त्याला दिसतच नाही. महिनोन्महिने ती पानं शोधात लोंबकळत राहिली. दोन्हींपैकी नोइंडेक्स ठेवा, अडवणूक काढा.

तिसरी गंमत. राजगडावरचा एक फुटकळ लेख काढला, ज्याचा पत्ता नुसता 'राजगड' होता. तपासायला पत्ता उघडला तर 'राजगड-तोरणा' हा वेगळाच लेख समोर! मी अर्धा तास कॅशे पुसत बसलो. कारण वर्डप्रेसमध्येच आहे: पत्ता सापडला नाही की ते त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा लेख अंदाजाने शोधून तिकडे पाठवतं. कधी सोयीचं, कधी भलतंच. म्हणून काढल्यावर प्रत्येक पत्ता इनकॉग्निटोमध्ये उघडून बघायचा, आणि हवं तिथे स्वतःचा रीडायरेक्ट लावायचा.

आणि ट्रॅश. तिथे लेख तीस दिवस राहतो, मग कायमचा जातो. कासचा माझा लेख असाच एप्रिलमध्ये ट्रॅशला गेला आणि मेमध्ये संपला. सप्टेंबरात मेल आला तेव्हा बॅकअपही नंतरचाच होता. शेवटी वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर, एक प्रत सापडली, मजकूर होता, निम्मे फोटो नव्हते. आता काढायचा लेख मी आधी मसुद्यात टाकतो आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ देतो. मसुदा लोकांना दिसत नाही, जागा खात नाही, आणि परत आणायला एक बटण पुरतं.

परत परत का होतं?

कारण मी यादी साफ करत होतो, नळ बंद करत नव्हतो. आठवड्याला दोन लेख टाकायचेच, असा नेम मीच घालून घेतला होता. तळातले बहुतेक लेख त्या नेमाच्या वर्षांतले निघाले. नेम मोडला. नवीन लेख सुरू करण्याआधी आता जुन्या शीर्षकांची यादी चाळतो. त्याच गडावर काही असेल तर नवी भर तिथेच जाते. शीर्षकात साल घालत नाही. प्रत्येक लेखाखाली एक ओळ असते: 'मी स्वतः गेलो तो महिना आणि वर्ष'. वाचकाला त्यातून लेखाचं वय कळतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात मलाही.

या एप्रिलमध्ये यादी काढली. कासचा लेख पुन्हा तळाशी, खालून सहावा. त्याच्या एक घर वर कारवी. कासमध्ये गाडी कुठे लावायची आणि ऑनलाइन बुकिंग आधी करा, एवढ्या दोन ओळी वाढवल्या. कारवीला हात लावला नाही.